रिबिनीची गाठ

न सांगता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा वहिनींचा जन्माचा नेम. धाकटा दीर टेम्पो चालवता चालवता चेष्टा करायचा, "आमच्या वहिनी चोर पकडायला निघाल्या तरी आधी फोन करतील, 'येऊ का हो?' म्हणून." वहिनी हसायच्या. नवऱ्यामागं बागकामाचा धंदा त्यांनी याच गोडीनं टिकवला होता. बंगल्यांच्या बागा, दवाखान्यापुढची हिरवळ, शाळेची झाडं. हाताखालच्या माणसांपैकी कुणाला त्यांनी कधी वेठीला धरल्यासारखं राबवलं नाही, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. का नसावा?

झाडं यायची ती रोपवाल्या मामांकडून. मामा सख्खे नव्हेत, पण नवरा होता तेव्हापासूनचे, घरच्यासारखे. मोठ्या झाडाच्या मुळांचा मातीचा गोळा गोणपाटात बांधून येतो. सगळे त्याला सुतळीची निरगाठ मारतात आणि मग ती कोयत्यानं कापावी लागते. मामांकडच्या एका मजूर बाईची मात्र सुरगाठ असायची, दोन पाकळ्या काढलेली, पोरीच्या वेणीला रिबीन बांधावी तशी. एक टोक ओढलं की सुटायची.

"लेकीच्या वेण्या घालून घालून हाताला वळणच पडलंय," ती बाई एकदा म्हणाली. मामा तिकडे दिराशी गप्पा मारत होते. गोणपाटावर वाकल्या वाकल्याच तिनं आवाज खाली आणला. "ताई, आम्हाला रात्री बाहेरून कडी घालतात. लेकीशी बोलू देत नाहीत. जाते म्हटलं की मारतात. मला न्या इथून."

"नेते," वहिनी म्हणाल्या. उभ्या उभ्या शब्द देऊन बसल्या.

"आत्ताच पोलिसांना घेऊन उलटे फिरू," दीर वाटेतच म्हणाला. पण वहिनींना ते पटेना. इतक्या वर्षांची माणसं, त्यांना एका शब्दानं विचारायचंही नाही? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं ती भीक दुसरीच्याच पदरात पडायची होती. वहिनींनी फोन करून मामांना सरळ विचारलं. मामा जराही चिडले नाहीत.

"अगं, ये की! परवा ये. सगळं डोळ्यांनी बघ, चहाला थांब."

वहिनी गेल्या तेव्हा खोल्यांना नवा चुना होता, गाद्यांवर धुतलेल्या चादरी होत्या. कडी दाराला आतून होती. बाहेर चौकटीवर, उपटलेल्या कडीच्या भोकांत भरलेली लांबी अजून ओली होती. मजूर रांगेनं उभे राहून "सगळं बरं आहे" म्हणाले. ती बाई कुठं दिसेना.

"ती होय? लेकीची आठवण येते म्हणाली. गेली गावाला," असं म्हणून मामांनी चहाचा कप पुढे केला. वहिनींनी तो घेतला. सवयीनं हात पुढे झालाच. त्या चहाची चव कित्येक दिवस त्यांच्या जिभेवरून गेली नाही.

मग पोलीस झाले, कामगार कचेरी झाली. साहेब आले आणि चुना बघून गेले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

मामांशी व्यवहार तोडून वहिनींनी नवा रोपवाला शोधला, तो मात्र फोन न करता, भल्या सकाळी दारात उभं राहून. खोल्या पाहिल्या, कड्या पाहिल्या, एकेका मजुराशी बाजूला बसून बोलल्या. माणूस सरळ होता, खोट काढायला जागा नव्हती. वहिनींना पुन्हा झोप लागायला लागली.

शाळेच्या फाटकाशी मोठी झाडं लावायची होती. दिरानं खड्डे खणून ठेवले. वहिनींनी एक गोळा जवळ ओढला, तर वर सुतळीचं फूल.

त्यांनी एक टोक ओढलं, गाठ सुटली. आधी आनंद झाला, अगदी वेड्यासारखा. जिवंत आहे! मागोमाग सगळं कळलं. बाई गावाला गेलीच नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्या कडीआड अजून गोणपाटंच बांधत होती, आणि ती झाडं आपणच विकत घेत होतो.

टेम्पो तडक नव्या रोपवाल्याकडे गेला. "मोठी झाडं मी वाढवत नाही, वहिनी," तो म्हणाला. "दलाल पाठवतो. कुठून आणतो ते मी कधी विचारलं नाही." वहिनींनी धापा टाकत त्याला गाठीची हकीकत सांगितली. भला माणूस तो, त्याचे डोळे भरून आले. "थांबा, आत्ताच्या आत्ता विचारतो," म्हणत त्यानं फोन कानाला लावला. वहिनी "नको, नको" करत धावल्या, तोवर तो बोलून गेला होता.

"अहो, ती रिबिनीसारखी गाठ मारणारी बाई असते कुठे? आमच्या वहिनी विचारतायत."

किती आदबीनं विचारलं! पलीकडून दलाल म्हणाला, "बघून सांगतो की."

वहिनींनीही मामांना आधी असाच फोन केला होता.

माग लागावा म्हणून पुढची झाडं मुद्दाम त्याच दलालाकडून मागवली. ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, माल मधल्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीतून भरून घेतला, पुढचं मला माहीत नाही. वहिनी ट्रकवर चढल्या, एकेक गोळा फिरवून पाहिला. सगळ्या निरगाठी, करकचून आवळलेल्या.

दिरानं कोयता पुढे केला. वहिनींनी तो घेतला नाही. तिथंच बसून त्या नखांनी गाठ उकलायला लागल्या, पण ती काही केल्या सुटेना.