पाच इंच वाळू

गणपतराव चौगुल्यांनी एकवीस वर्षं कोल्हापूर-मालवण एस.टी. चालवली आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी, समुद्र एकदाही पाहिला नाही. बनाबाईंना गाडी लागायची. लग्नानंतर एकदा नवऱ्याच्याच गाडीत पुढच्या बाकावर बसून त्या निघाल्या होत्या. राधानगरीपर्यंत गाडी चार वेळा थांबवावी लागली. राधानगरीला त्या खाली उतरल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "तुमी जावा. समुद्र काय पळून जात न्हाय." मग ओळखीची बैलगाडी बघून मुरगूडला माहेरी निघून गेल्या.

१९७९ साली गणपतराव रिटायर झाले. घरी बसल्यावर त्यांच्या तोंडी सारखा समुद्र. भरती कशी येते, पाणी सकाळी कोणत्या रंगाचं दिसतं, हे सगळं बनाबाई भाकरी थापता थापता ऐकून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी तवा उतरवला आणि म्हणाल्या, "एवढी वर्सं नुसतं सांगतायसा. दावलासा कवा?"

ते गणपतरावांना लागलं. समुद्र घरीच आणायचा असं ठरवून त्याच दिवशी ते शेजारी गेले.

शेजारी नृसिंह गोरंबेकर राहायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, त्यामुळे गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि ते दर वेळी "प्राध्यापक" अशी दुरुस्ती करायचे. घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करावी असं त्यांच्याही मनात कैक वर्षं होतं. पण त्यांच्या आईनं, माईंनी, स्पष्ट सांगितलं होतं की या घरात मासा येणार नाही, जिवंतसुद्धा नाही. म्हणून गणपतरावांनी विषय काढताच मास्तरांनी वही आणि पेन्सिल घेऊन थेट चौगुल्यांचं घर गाठलं.

"मासे नंतर बघू," मास्तर म्हणाले. "आधी वाळू. चांगली पाच इंच."

"पाच इंच? वाळूत काय पुरायचं हाय काय?"

"गवत लावायचं. समुद्रातलं गवत. शेवाळ नव्हे, मुळं असलेलं खरं गवत. मुळांना खोली लागते. शिवाय वाळूच्या वरच्या थरात हवा असते, खालच्या थरात नसते. दोन्हीकडे निरनिराळे सूक्ष्म जीव राहतात आणि टाकीतली घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात."

गणपतरावांनी दुसऱ्या दिवशी पंचगंगेची वाळू आणली, चाळली, सात पाण्यांनी धुतली. मास्तरांनी चिमूटभर हातात घेतली आणि मान हलवली. "ही चालायची नाही. खाडीतलीच पाहिजे, न धुतलेली. आपल्याला जिवंत वाळू हवी."

आतून बनाबाईंचा आवाज आला, "मास्तर सकाळी काय खाऊन आल्यात?"

टाकी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात करून घेतली. लोखंडी चौकट, चार बाजूंना काच, आणि खाऱ्या पाण्यानं गंजू नये म्हणून लोखंडाला आतून-बाहेरून डांबर. पाणी, वाळू आणि गवत आणायचं काम हंबीररावांकडं गेलं. हंबीरराव म्हणजे गणपतरावांचे जुने कंडक्टर, अजून मालवणच्याच गाडीवर होते. त्यांनी खाडीतल्या कोळ्यांना सांगून गवत मुळांसकट उपटून घेतलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं, वाळूच्या दोन पिशव्या भरल्या, दुधाच्या तीन कॅनमध्ये समुद्र भरला आणि सगळं टपावर चढवलं.

कोल्हापूरच्या स्टँडवर सामान उतरताना एक घोळ झाला. तो कुणाच्या लक्षात आला नाही.

घरी टाकीत वाळू पसरली, मास्तरांनी पट्टी लावून पाच इंच मोजली. गवत लावायला मात्र त्यांना जमेना. लावलेली काडी लगेच वर यायची. शेवटी बनाबाईंनी पदर खोचला आणि भाताची रोपं लावावीत तसं भराभर सगळं गवत लावून टाकलं. मग हंबीररावांनी पाणी ओतलं. पहिला कॅन झाला, दुसरा झाला. तिसरा खांद्यावर घेऊन त्यांनी एका दमात रिकामा केला.

टाकी पांढरीशुभ्र झाली.

बनाबाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी तर निळा असतोय म्हणत होतासा."

हंबीररावांनी बोट बुडवून चाटलं. "म्हशीचं हाय," ते म्हणाले. "पर निरसं हाय, चांगलं हाय."

गणपतराव आणि हंबीरराव तसेच स्टँडवर धावले. तिथला हॉटेलवाला कृष्णात आपल्या कॅनमध्ये पळी घालून उभा होता. आतलं नितळ पाणी बघून तो गवळ्याला शिव्या घालत होता, की पाणी घालावं, पण थोडं तरी दूध ठेवावं. समुद्राचा कॅन परत मिळाला. पण घरातली वाळू दुधात नासली होती. हंबीरराव पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळं घेऊन आले. या वेळी त्यांनी प्रत्येक कॅनवर डांबरानं "समुद्र" असं लिहिलं होतं.

दुसऱ्यांदा मात्र झकास जमलं. दोन दिवसांनी गढूळपणा खाली बसला. हिरव्या चपट्या पाती पाण्यात सरळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी बजावलं, "आता दोन महिने काही करायचं नाही. मासा सोडायचा नाही, वाळूला हात लावायचा नाही."

समुद्र बघायला गल्ली आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून लोक बराच वेळ टाकीत बघायचे. समोरच्या घरात धोंडुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "मासं कुठं हाईत?"

"अजून सोडल्यालं न्हाईत," गणपतराव म्हणाले.

"मग गवात दावाय बोलिवलंसा व्हय? आमच्या गोठ्यात ढीग हाय की."

लोक येईनासे झाले. गणपतराव मात्र रोज खुर्ची टाकून समोर बसायचे. टाकी त्यांनी मधल्या खोलीत देवासारखी कोनाड्याशेजारी ठेवली होती. तीन आठवड्यांत पाती पिवळ्या पडायला लागल्या. गणपतरावांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर पुस्तक उघडून बसले. बनाबाई जाता जाता म्हणाल्या, "गवात हाय न्हवं? मग अंधारात कशाला कोंडलंय? खिडकीत ठेवा."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. टाकी खिडकीत गेली आणि गवत सावरलं.

पुढं पाणी आटायला लागलं. गणपतराव साठवलेलं समुद्राचं पाणी घालून भर करत होते. बनाबाईंनी तेही थांबवलं. "आमटी आटली की खारट हुतीया. मीठ वाफंबरोबर जातंय व्हय? साधं पाणी घाला." त्यावर मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि बरोबर आहे असं कळवलं.

काचेतून वाळूचे थर दिसायचे. वर फिकट, मध्ये तांबूस आणि अगदी खाली काळाकुट्ट पट्टा. हा पट्टा गणपतरावांना बघवेना. आयुष्यभर त्यांनी गाडी स्वतः पुसून घेतली होती. एका रविवारी दुपारी बनाबाई बाजारला गेल्या तेव्हा त्यांनी लोखंडी कांब घेतली आणि तळापासून वाळू ढवळली.

नेमकं त्याच वेळी शेजारी मास्तरांच्या धाकट्या बहिणीला, मीनाक्षीला, बघायला सांगलीची मंडळी आली होती. दोन्ही घरांच्या खिडक्या समोरासमोर. मीनाक्षी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि तिच्या पाठोपाठ वास आला. सडक्या अंड्यांचा, डोळ्यांत पाणी आणणारा.

मुलाच्या मामांनी बशी हळूच खाली ठेवली. "तुमच्याकडे अंडी चालतात वाटतं," ते म्हणाले.

चार पिढ्यांत त्या घरात अंडं आलं नव्हतं. मीनाक्षी "उकडतंय ना" असं म्हणून उठली आणि तिनं चौगुल्यांच्या बाजूची खिडकी सताड उघडली. मुलानं रुमाल नाकाला लावला तो जाईपर्यंत काढला नाही. मास्तरांना मात्र वास ओळखू आला, वाळूच्या काळ्या थरात कोंडलेल्या वायूचा. "गणपतराव, थांबा," असं ओरडत ते पाहुण्यांच्या मधून चपला न घालता पळाले.

चार दिवसांनी सांगलीहून नकाराचं पत्र आलं. माई आठवडाभर चौगुल्यांच्या घराकडं बघत नव्हत्या. मीनाक्षी मात्र दुसऱ्याच दिवशी मागच्या दारानं बनाबाईंकडं बेसनाचे लाडू देऊन गेली. "मला ते स्थळ नकोच होतं," ती म्हणाली. "आणि खिडकी कुठली उघडायची ते मला माहीत होतं."

टाकीचे हाल मात्र झाले होते. पाणी काळं झालं, निम्मं गवत मुळापासून सुटून वर तरंगत होतं. गणपतराव त्या दिवशी जेवले नाहीत. "आपलं हातच वाईट," म्हणाले. बनाबाईंनी तरंगणारं गवत काढलं, काही पाणी बदललं आणि खुर्ची उचलून लांब भिंतीशी नेऊन ठेवली. "तुमी हितनं बघायचं. हात लावायचा न्हाय."

तेव्हापासून टाकी बनाबाईंची झाली. त्या काही करायच्या नाहीत. तेच टाकीला हवं होतं. पाणी पुन्हा नितळ व्हायला दीड महिना लागला. मग एका सकाळी वाळूतून, जुन्या बुंध्यापासून दोन बोटं अंतरावर, नखाएवढी हिरवी पात वर आली. आठ दिवसांनी तिच्यापुढं दुसरी. आणि त्यानंतर एक शंख चालायला लागला. वाळूबरोबर आलेला हरभऱ्याएवढा खेकडा त्यात राहत होता. इतके दिवस तो कुठं होता देव जाणे. तो गवताच्या बुंध्याशी आला, दोन पाय बाहेर काढले आणि काहीतरी उचलून खाल्लं.

"या पावणं," बनाबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली, आणि खुर्ची जवळ घ्यायला परवानगी दिली. दोघं बराच वेळ बघत बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

"असल्या गवताची रानं असत्यात खाडीत," गणपतराव म्हणाले. "मैलभर. आणि त्याच्या म्होरं नुसतं पाणी. नजर पोचत न्हाय."

बनाबाईंनी मान हलवली. त्यांच्या मनात हिशेब चालला होता. ही अडीच फुटांची टाकी, हिचं ऊन, हिचं पाणी, एवढ्यालाच त्यांचा सगळा दिवस जात होता.

"मग तेवढ्याची निगा कोण राखतंय?" त्यांनी विचारलं.

गणपतराव उठून मास्तरांना विचारायला गेले.