एक्केचाळिसावं मिनिट

व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली होती त्या काळात प्रत्येक दुकानात एक पाटी हमखास असायची: कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळून परत करा. शेरेवाल्यांच्या दुकानातली पाटी उलटी होती. जिथे थांबलात तिथेच राहू द्या, गुंडाळलीत तर सभासदत्व रद्द.

त्याचं कारण असं, की शेरेवाले गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत. तोंड खोटं बोलतं, हे त्यांचं ठाम मत. ते बघायचे कॅसेटच्या खिडकीतून दिसणारी फितीची दोन चाकं. इकडे किती उरली, तिकडे किती गेली, एवढ्यावरून माणसाने सिनेमा कुठे सोडला ते मिनिटासकट सांगायचे. कोणी म्हणालं, "छान होता हो," की हे मान वर न करता म्हणायचे, "बाविसाव्या मिनिटाला घोरायला लागलात." एकदा एका शिक्षकाला त्यांनी, तुम्ही फक्त नाच तेवढे पाहिलेत, हे त्याच्या सासऱ्यांदेखत सांगितलं. शिक्षकाने बदली मागून घेतली म्हणतात. खरंखोटं तो शिक्षक जाणे.

चाकं वाचून झाली, स्वतः सिनेमा पाहून झाला, की ते खोक्यावर लाल शाईने शेरा लिहायचे. 'टाकाऊ', 'सुमार', 'डोकेदुखी असल्यास बघू नये', 'डोकेदुखी हवी असल्यास बघावा'. फार खूश झाले तर 'बरा'. 'उत्तम' हा शब्द त्यांनी एकोणीस वर्षांत लिहिला नव्हता. लोक त्यांना शिव्या घालत आणि शेरा वाचल्याशिवाय खोकं उचलत नसत. शेरेवाल्यांची सगळी इभ्रत त्या लाल शाईत होती.

अशा माणसाच्या मेहुण्याने सिनेमा काढला.

मेहुणे फ्रीज दुरुस्त करायचे. हात चांगला होता, पण एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा जुना कॅमेरा त्यांच्याकडे आला आणि डोक्यात वारं शिरलं. आपल्या दुरुस्तीच्या कारखान्यातल्या बिघडलेल्या फ्रीजांमध्ये अकरा दिवसांत त्यांनी एक भयपट उभा केला, तोही विनोदी. नाव, 'आत्याबाई फ्रीजमध्ये'. जुन्या फ्रीजसोबत फुकट आलेली एक मेलेली आत्या, दार उघडलं की बाहेर येते, एवढीच गोष्ट. आत्याबाईंचं काम खुद्द मेहुण्यांनी केलं होतं, बायकोचा गाऊन घालून आणि तोंडाला मैदा फासून. बायको, म्हणजे शेरेवाल्यांची धाकटी बहीण, दुपारी दुकानात सभासदांची वही सांभाळायची. कॅमेराही तिनेच धरला होता.

मेहुण्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली. शेरेवाल्यांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं, लाल पेन उघडलं आणि लिहिलं, 'टाकाऊ'.

"दादा, अजून बघितला कुठे आहेस?" बहीण म्हणाली.

"वास आला."

"न बघता शेरा? एकोणीस वर्षांत असं कधी केलं नव्हतंस."

हे लागलं. शेरेवाल्यांनी पेन मिटलं. खोडलं मात्र नाही. "बरं मेहुणे," ते म्हणाले, "माझं राहू दे. गिऱ्हाइकांनाच ठरवू दे. दहा प्रती काढून दहा घरी पाठवतो. एक जरी कॅसेट शेवटापर्यंत गेलेली परत आली, तर माझ्या हाताने 'उत्तम' लिहीन. नाही आली, तर कॅमेरा माझ्या माळ्यावर, आणि तुम्ही परत फ्रीजमध्ये."

"बाहेरून दुरुस्त करायला ना?" मेहुण्यांनी विचारलं.

"तुमची हौस असेल तर आतून करा."

पहिली कॅसेट एका शिंप्याच्या घरून आली. शेरेवाल्यांनी खिडकी डोळ्यांपाशी धरली. "एक्केचाळिसावं मिनिट. आटोपला." दुसरी दातांच्या डॉक्टरकडून आली. पुन्हा एक्केचाळीस. "याला तर कण्हणारी माणसं बघायची सवय आहे. तोही टिकला नाही." तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या एक्केचाळीस. शेरेवाले भिंतीवर रेघा मारत गेले, आणि प्रत्येक रेघेगणिक त्यांची भूक वाढत गेली असं त्यांच्या बहिणीचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र खटकण्यासारखी होती. कॅसेट परत करणारे काउंटरपाशी उगाच रेंगाळायचे. तोंडावर रुमाल धरायचे. पोस्टमन तर, "कार्ड दाखवू का?" असं विचारून खांदे गदागदा हलवत बाहेर गेला. शेरेवाले चाकांकडे बघत होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही. एवढा भिकार सिनेमा पाहून माणसं बिघडणारच, असं ते म्हणाले.

दहावी कॅसेट आली त्या दुपारी मेहुणे टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन हजर होते. तान्हं मूल दुसऱ्याच्या हवाली करावं तसा चेहरा झाला होता. शेरेवाल्यांनी खिडकी पाहिली. "एक्केचाळीस. शिडी तिकडे आहे, माळा वर आहे."

मेहुणे मुकाट्याने शिडीकडे निघाले. बहीण वहीतून मान वर न करता म्हणाली, "दादा, दहा माणसं. कोणी शिंपी, कोणी डॉक्टर. सगळी नेमकी एकाच मिनिटाला कंटाळली?"

"सिनेमाच तसा आहे."

"तू सांगायचास, कंटाळा ज्याचा त्याचा असतो."

शेरेवाले चाकं वाचणारे होते, आणि चाकं वाचणाऱ्याला हा प्रश्न आधीच पडायला हवा होता. त्यांनी कॅसेटची झडप अंगठ्याने उचलली. कंटाळून सोडलेल्या सिनेमाची फीत नव्या बुटासारखी चकचकीत असते, हे त्यांनीच बहिणीला शिकवलं होतं. इथे फितीची चकाकी गेली होती, कडा चुरगळल्या होत्या. असं कधी होतं तेही त्यांना पाठ होतं. तोच तुकडा मागे, पुढे, पुन्हा मागे, शंभरदा नेला तर.

झडप मिटली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मेहुणे शिडीच्या चौथ्या पायरीवर होते.

"खाली उतरा," शेरेवाले म्हणाले, आणि कॅसेट यंत्रात घातली.

पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस पडत होता. त्यातून एक काउंटर दिसू लागला. चित्र हलत होतं, कारण कॅमेरा बहिणीच्या भाजीच्या पिशवीत होता. काउंटरमागे एक माणूस खाली मान घालून बसला होता. समोर गाऊनमधली, मैद्याने पांढरी झालेली, पाणी निथळणारी आत्याबाई आली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी आलेय."

"कार्ड," तो माणूस म्हणाला.

"मी मेलेय."

"मेल्याने सभासदत्व रद्द होत नाही. कार्ड."

"मी तुझं रक्त पिणार आहे."

"रांगेत या. आणि वहीवर पाणी सांडू नका."

आत्याबाईने भयानक किंकाळी फोडली. त्या माणसाने तिच्या हातातलं खोकं घेतलं, आतल्या कॅसेटची खिडकी पाहिली आणि म्हणाला, "एवढं ओरडताय, पण पाहिलात फक्त दहा मिनिटं." यावर आत्याबाई मागे सरकली, गाऊनमध्ये पाय अडकून पडली आणि सरपटत दुकानाबाहेर पळाली. त्या माणसाने मान वर केली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी गचाळ माणूस वही भिजवून गेला होता, हे शेरेवाल्यांना अंधुक आठवलं. तो कोण होता हे बघायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"लोक पूर्ण बघतात," बहीण हळूच म्हणाली. "मग फीत मागे नेऊन परत या तुकड्यावर येतात. पाहुण्यांनाही हाच तुकडा दाखवतात. तुझी चाकं खरंच बोलतात, दादा. फक्त कुठे थांबले ते सांगतात, का ते नाही."

शेरेवाल्यांनी खोकं ओढलं. 'टाकाऊ'वर रेघ मारली. मग नाक फुगवून लाल शाईने लिहिलं, 'दुकानदाराचं काम करणारा नट उत्तम. बाकी टाकाऊ.'

"उत्तम आलं," बहीण नवऱ्याला म्हणाली. "कॅमेरा घरी न्या."

"बाकीचं बघून ठरवीन," शेरेवाले म्हणाले. "नियम म्हणजे नियम. यंत्राला हात लावू नका. निघा दोघं."

दुसऱ्या दिवशी बहीण आली तेव्हा ते नेहमीसारखे खाली मान घालून बसले होते.

"पाहिलास पूर्ण?"

"पाहिला. शेवट भिकार. आत्याबाईला उगाच मारलं."

"ती पहिल्याच मिनिटाला मेलेली असते, दादा."

बहिणीने यंत्रातून कॅसेट काढली, खिडकी डोळ्यांपाशी धरली, दोन्ही चाकं नीट पाहिली. एक्केचाळीसच. मग पाटीवरचा नियम पाळून ती न गुंडाळता तशीच खोक्यात ठेवली.