काचेच्या नळ्या

बाईंचा पारा सकाळपासूनच चढलेला होता आणि प्रयोगशाळेत त्यांच्या वाऱ्याला उभं राहायची कुणाची छाती नव्हती. ज्या मुलीला त्यांनी बोटाला धरून संशोधन शिकवलं, तिनेच त्यांचा बावीस वर्षांपूर्वीचा शोध छापील लेखात खोटा ठरवला होता.

शोधही काही ऐरागैरा नव्हता. मेंदूतल्या पेशी एकमेकींना काही निरोप धाडतात ते न्यूरोपेप्टाइड नावाच्या रेणूंमार्फत. असं एक पेप्टाइड पिल्लांना पाजणाऱ्या उंदरिणींत इतर माद्यांच्या दुप्पट असतं, हे बाईंनी दाखवलं होतं. त्यांचा तक्ता पाठ्यपुस्तकात होता. शिष्येने तोच प्रयोग पुन्हा केला आणि लिहिलं की दोन्ही गटांत काडीचाही फरक नाही. नियतकालिकाला बाईंचं उत्तर आजच हवं होतं.

"काचेच्या नळ्या वापरल्या असणार तिनं," बाई म्हणाल्या. "पेप्टाइड काचेला चिकटून बसलं, मोजायला उरलंच नाही. पहिल्या दिवशी शिकवते मी हे. अक्कल गहाण टाकली होती की काय?"

उत्तरात त्यांनी तेच लिहिलं, वर दोन खोचक वाक्यंही घातली. आता आपल्या नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या, एवढा पुरावा जोडायचा होता. त्यांनी मामांना हाक मारली. मामा म्हणजे इथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. बाईंचा प्रत्येक नमुना त्यांच्याच हातून गेलेला. ते नोंदवही घेऊन आले, पण पुढे करेनात.

"बाई, जरा सबुरीनं घ्या."

"तिची वकिली नकोय मला. द्या इकडे."

पाजणाऱ्या माद्यांचे सगळे नमुने प्लॅस्टिकमध्ये होते. बाईंनी समाधानाने पान उलटलं. इतर माद्यांच्या पहिल्याच नोंदीखाली मामांच्या गोल अक्षरात होतं: 'प्लॅस्टिकच्या नळ्या संपल्या. आजपासून काचेच्या. नवीन येईपर्यंत थांबू का, असे बाईंना विचारले. बाई रागावल्या.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. म्हणजे एक गट प्लॅस्टिकमध्ये आणि दुसरा काचेत. इतकी वर्षं ज्याला त्या आईपणाची खूण म्हणत आल्या, ती नुसती नळ्यांची करामत होती.

"बाई रागावल्या म्हणे. ही नोंद आहे की चहाडी?" त्यांचा आवाज चिरकला.

"जे घडेल ते सगळं लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. काचेचं तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं."

"पुढे तर ठाऊक झालं ना? मग तेव्हा का दातखीळ बसली तुमची?"

"बोललो होतो," मामा खाली बघत म्हणाले. "पुढच्या वहीत आहे. त्याही दिवशी तुम्ही रागावलात."

बाईंना आठवलं. चांगलं आठवलं. त्यांना मामांचा राग आला, शिष्येचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या वेळच्या स्वतःचा. दात-ओठ खात त्यांनी अख्खं उत्तर पुसलं आणि लिहिलं: 'लेखिकेचं म्हणणं बरोबर आहे. चूक माझी. माझ्या दोन वह्यांतली पानं जोडत आहे.'

मामा प्रती काढायला निघाले, दाराशी घुटमळले.

"ती शेवटची ओळ झाकू का?"

"खबरदार हात लावाल तर," बाई खेकसल्या. "दोन्ही वह्यांतली तेवढी ओळ ठळक येऊ द्या."