दुरून आलेलं गिऱ्हाईक

“तपासनीस आला गं. निळं जॅकेट, हातात कागद,” शेजारच्या गाडीवर माशाच्या वड्या उकळणारी छे-बाई पुटपुटली. “आज आई ओळखतेय का तुला?”

“सकाळी ओळखलं होतं,” इन-सुक म्हणाली. तिने एप्रन काढून गाडीखाली कोंबला आणि चिमटा आईच्या हातात दिला. “आई, आता तू तळ. मी इथेच आहे.”

बुसानच्या या गल्लीतला नियम सरळ होता. परवान्यावर ज्याचं नाव, त्यानेच तळायचं. मदतीला फक्त घरचं माणूस. गाडी भाड्याने दिलेली आढळली तर परवाना रद्द. परवाना ज्याच्या नावावर तो काम करण्याच्या स्थितीत नसला, तरी रद्द. मुलीच्या नावावर तो होत नसे. इन-सुकची आई हाम जोम-रे एकतीस वर्षं इथे होत्तोक, आत साखरेचा पाक असलेल्या जाड पुऱ्या, तळत होती. गेली दोन वर्षं पीठ मळण्यापासून सगळं इन-सुकच करत होती, आणि दोघींचं घर या एका गाडीवर चालत होतं.

तपासनीस गाडीशी थांबला. “आजी, चालू द्या तुमचं. मी नुसता बघतो.”

रांगेत तैवानहून फिरायला आलेल्या चौघी मुली होत्या. जोम-रेने पिठाचा गोळा तेलात सोडला, लोखंडी चकतीने दाबला, कडा तांबूस झाल्यावर उलटला. बाहेर काढून कात्रीने एका बाजूने चिरला आणि आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया भरून तो कागदी कपात ठेवला. हात कुठेच अडखळला नाही.

“छान,” तपासनीस म्हणाला. मग त्याने पेनाने गाडीच्या बाजूला उभ्या इन-सुककडे खूण केली. “या कोण तुमच्या?”

जोम-रेने मान वाकडी करून नीट पाहिलं. घाई केली नाही.

“नाही बुवा माहीत,” ती म्हणाली. “मघापासून उभी आहे बिचारी.”

छे-बाईचा डाव भांड्यातच थांबला.

इन-सुकच्या पर्समध्ये नात्याचा दाखला होता. तो काढला तर ती मुलगी ठरली असती. आणि आई, पोटच्या मुलीला न ओळखणारी बाई.

“मी गिऱ्हाईक,” इन-सुक म्हणाली. “फिरायला आलेय.”

तपासनीसाने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांभोवती पीठ वाळलं होतं.

“मग रांगेत उभ्या राहा,” तो म्हणाला, आणि कागदावर काहीतरी लिहू लागला.

ती चौघींच्या मागे जाऊन उभी राहिली. एकतीस वर्षांत गाडीच्या या बाजूने ती कधी आली नव्हती. इथून आई बुटकी दिसत होती.

तिचा नंबर आला तेव्हा तपासनीस अजून तिथेच होता.

“कुठून आलात?” जोम-रेने विचारलं.

“दुरून.”

“एकट्याच? नवरा बरा सोडतो.” ती हसली. “पहिल्यांदाच खाताय ना? लगेच चावू नका. आतला पाक जीभ भाजतो, मग सगळ्या प्रवासात कशालाच चव लागत नाही.”

“बरं.”

“आणि जरा बाजूला होऊन खा हं. मागे माणसं आहेत.”

इन-सुक बाजूला झाली. तिने घास घेतला. पहाटे मळलेलं पीठ नीट फुगलं होतं. मीठ किंचित जास्त पडलं होतं. तपासनीस पुढच्या गाडीकडे सरकला होता, पण मध्येच वळून बघत होता.

चौघींपैकी एकीने फोन वर करून खुणेने विचारलं, तुमचा फोटो काढू का?

इन-सुकने होकारार्थी मान हलवली. ती आईकडे पाठ करून उभी राहिली आणि सगळे प्रवासी धरतात तसा तिने कागदी कप गालाजवळ धरला.