वरचा वाटा

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर डोळा दोघांचा, माझा आणि माझ्या दिराचा. मी मीना. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागं, घराच्याच पडवीत, माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान कसलं म्हणा, एक टेबल, तो कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि ऊन अडवायला पडदा. पण लग्नसराईत तिथं उभं राहायला जागा नसायची. दोन हजार तीन-चारची गोष्ट, आमच्या ठाकूरवाड्यांतली माणसं तेव्हा कुठं पत्रिका छापायला लागली होती. आणि आमच्याकडं पत्रिका म्हणजे नावं! आजा, पणजा, चुलते, मामे, एक राहिला तरी मांडवात तोंड फिरवून बसणार. मी घराघराची नावं एकदा नीट टाइप करून ठेवलेली. त्या घरातलं पुढचं लग्न निघालं की नवरा-नवरी बदलायची, बाकी सगळं तेच. म्हणून लोक कल्याणला न जाता माझ्याकडं यायचे. त्या फायली म्हणजेच माझं दुकान. त्या गेल्या तर मी परत भाताच्या खाचरात चिखल तुडवायला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझा दीर भगीरथ कल्याणला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होता. लिनक्सच्या प्रॅक्टिकलात दोनदा आपटलेला. आता शेवटची संधी, तीही मंगळवारी, आणि हा रविवारी दुपारी सीडी घेऊन माझ्यापुढं उभा.

"वयनी, घरी सराव नाय केला तर मी गेलोच. तुझं विंडोज राहू दे, बाजूला लिनक्स घालतो. फक्त डिस्कचे दोन वाटे पाडायला लागतील."

वाटे म्हटल्यावर आमचे आबा, म्हणजे माझे सासरे बुधूआबा, खाटेवरनं उठलेच. आसपासच्या वाड्यांत भावाभावांची जमीन वाटायची झाली की पंच म्हणून त्यांनाच बोलावणं. ते तंबाखूची डबी घेऊन टेबलाजवळ येऊन बसले.

"वाटणी रीतीनं करायची," आबा म्हणाले. "थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. पंढरी कामावर गेलाय, त्याच्या जागी तू. पाड वाटे."

पंढरी माझा नवरा, वाशिंदच्या कारखान्यात. तो घरी असता तर हे झालंच नसतं, असं मी नंतर फार दिवस म्हणत होते.

सीडी घातली. पडद्यावर एक लांब पट्टी आली, वर-खाली काहीबाही इंग्रजी. भगीरथनं माझ्या हातात माउस दिला. मी पट्टी मधोमध कापली. मग एक रेघ पळायला लागली, पळायला लागली, संपेचना. भगीरथनं वाचलं, "तुझा डेटा हलवतोय म्हणतोय."

"कुठं हलवतोय?" मी विचारलं.

"असेल, तुझ्या वाट्यात."

"माझा वाटा कुठला ते अजून ठरलाय कुठं?"

तेवढ्यात पडद्यावर दोन तुकडे एकाखाली एक आले, शिवाय तो म्हणाला की तिसरा एक लहानसा लागतो. मी चिडलेच. तिसरा कोणाचा? घरात तिसरा भाऊ कधी झाला?

"कोणाचा नाय गो," भगीरथ म्हणाला, "मेमरी कमी पडली तर वापरायला."

"बांध असेल," आबा म्हणाले. "बांध दोघांचा असतो. घाल."

घातला. आबांनी भगीरथला विचारलं, "उचल, कुठला?"

"वरचा," तो लगेच म्हणाला. वरचाच घेणार! आमच्याकडं वरचं खाचर कोण सोडतं? पाणी आधी त्यालाच लागतं. शिवाय त्याच्या सरांनी पण सांगितलेलं म्हणे, लिनक्स सुरुवातीला असलेलं बरं. धाकट्यानं उचललं की थोरल्यानं बोलायचं नसतं, मी गप्प बसले.

मग एक लाल पाटी आली. भगीरथनं वाचली, परत वाचली. "यातलं सगळं जाईल, चालेल का, असं विचारतोय."

"माझ्या पत्रिका?"

"अगो, उभं पीक पेरणाऱ्याचं असतंय," आबा म्हणाले. "जमीन याच्या वाट्याला गेली तरी पीक तूच कापून नेणार. आजवर एका वाटणीत हे मोडलं नाय."

"आणि हलवला ना मघाशी डेटा?" भगीरथ म्हणाला. "तुझं खाली गेलं असणार, वयनी."

मला ते पटलं. आता हसाल तुमी, पण खरंच पटलं. इतका वेळ ती रेघ पळत होती ती कशाला? मी मान हलवली, त्यानं बटण दाबलं.

कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. भगीरथ खूश. मी म्हटलं, आता माझं दाखव. त्यानं खालचा वाटा उघडला. रिकामा. परत उघडला. रिकामाच!

"मग हलवलं ते कुठं हलवलं?" मी ओरडले.

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. वरच्या वाट्यातच सरकवून ठेवलं होतं, एका कडेला. आणि वरचा वाटा आम्ही पुसला होता. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याला बोलले, सीडीला बोलले, आबांना बोलायचं ते गिळलं. नक्कल ठेवलेल्या फ्लॉप्या होत्या थोड्या, पण त्यांना पावसाळ्यात बुरशी लागलेली. रडू येत होतं आणि नेमकं रागवावं कोणावर तेही कळेना.

शेजारच्या पीसीओवरून कल्याणच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आहे तसा बंद करा. त्याच्यावर आता काही लिहू नका, डिस्क काढून आणा. बरंचसं निघेल. आठवडाभर लागेल."

मी येऊन सांगितलं. आबांनी डबीचं झाकण मिटलं.

"म्हंजे पीक अजून मातीखाली हाय," ते म्हणाले. "यानं नांगर घातला तर मेलं."

"आणि नाय घातला तर मी मेलो," भगीरथ म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानंच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडायला लागला. "घे तू डिस्क, वयनी. वरचा मी मागितला." पहिलाच स्क्रू निसटून खाली पडला.

मला इतका संताप आला! त्याचा, माझा, त्या स्क्रूचा. "हात काढ," मी म्हटलं. "ठेव ते. बस अभ्यासाला."

"अगो पण—"

"बस म्हटलं ना! नावं काय, माणसं जिवंत आहेत, परत विचारीन. तुला परत कोण बसू देणार आहे परीक्षेला?"

तो बसला. कीबोर्ड वाजायला लागला, आणि प्रत्येक आवाजाला माझी एकेक वाडी पुसली जातेय असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पहिला आला महिपत. त्याच्या धाकट्या मुलीचं, भिमीचं लग्न. "मागल्याच पत्रिकेत नाव बदल," तो म्हणाला. मागली त्याच्या मुलाच्या लग्नाची, दोन वर्षांपूर्वीची.

"मागली गेली," मी म्हटलं. "सगळं पुसलं गेलं. पहिल्यापासून सांगा." आणि आता हा शिव्या घालणार म्हणून वाट बघत राहिले.

तो टेबलाजवळ सरकला. मग म्हणाला, "पार गेली? तुज्याकडं नाय, कुणाकडं नाय?"

"नाय हो."

"छापलेली पण नाय ठेवलीस?"

"नाय."

तो बाकड्यावर बसला. मी कागद-पेन घेतलं. आजा, पणजा, चुलते, त्यानं सगळे सांगितले. मग थांबला. त्याची थोरली मुलगी पारू दुसऱ्या जातीतल्या पोराबरोबर निघून गेलेली. मुलाच्या लग्नाच्या वेळी त्यानं तिचं नाव पत्रिकेतनं काढायला लावलं होतं. माझ्या खुर्चीमागं उभं राहून, अक्षर न अक्षर जाईपर्यंत हलला नव्हता.

"बहिणींत कोण?" मी विचारलं.

महिपत बाहेर स्टँडकडं बघत होता. "पहिल्यापासून सांगायचं म्हणालीस ना?"

"हो."

"मग पारू लिव. थोरली ती. आधी तिचं येतं."

मी लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, त्यानं कागदावर बोट ठेवून विचारलं, कुठं लिहिलंस? मी दाखवलं.

"वाच बघू," तो म्हणाला.

मी वाचलं.

"परत वाच."