बॉनेटवरचा चीक

ताईने अंगठ्याचे नख गाडीच्या बॉनेटवरच्या चिकाच्या थेंबाखाली सरकवले आणि लगेच मागे घेतले. थेंब जागचा हलला नाही. शुक्रवारी तो मऊ असणार. दोन दिवसांच्या उन्हात मधाच्या रंगाचा, काचेसारखा टणक झाला होता. असे अकरा थेंब बॉनेटवर, सहा टपावर, आणि समोरच्या काचेच्या कडेला एक लांब ओघळ. तिने तिसऱ्यांदा मोजले, जणू मोजल्याने एखादा कमी होणार होता.

रविवारचे साडेआठ वाजले होते. दहाला धाकटा भाऊ आणि भावजय गाडी घेऊन बाहेर पडणार होते. भावाचे चष्म्यांचे दुकान होते. दिवसभर भिंगांवरचे ओरखडे शोधून त्याची नजर अशी तयार झाली होती की गाडीवर बसलेली माशीही त्याला वरच्या गॅलरीतून दिसे. काल तो मालासाठी परगावी होता, म्हणूनच हे अजून त्याला दिसले नव्हते. गाडी घेऊन जेमतेम पाच महिने झाले होते. शुक्रवारी किल्ली देताना त्याने बजावले होते, हळू चालव आणि झाडाखाली लावू नकोस. गावाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांकडे एक कवळी पोचवायची आहे, तासाभराचे काम आहे, असे ताईने सांगितले होते. परत यायला तिला चार तास लागले.

कवळ्या बनवणे हाच तिचा व्यवसाय होता. मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांमध्ये तिची पंचवीस वर्षे गेली होती. आई गमतीने म्हणे, म्हातारपणाची सोय मी घरातच करून ठेवली आहे, एक पोर डोळे बघेल, एक दात. दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळली. तिचे बाकीचे सगळे कोण बघणार, हे घरात कुणी कुणाला विचारले नाही. ताई बघू लागली, एवढेच.

तिने गरम पाण्यात फडके भिजवून थेंबांवर पसरले. मेण काढायचे तर आधी ऊब द्यावी लागते, हे तिच्या हातांना ठाऊक होते. पण आज हातांना धीर नव्हता. मिनिटभरात तिने फडके उचलून पाहिले, परत टाकले, पुन्हा उचलले. मग खिशातला फोन काढला. घरमालकीणबाईंनी दुपारी बारापर्यंत कळवायला सांगितले होते. भाड्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला. बारानंतर त्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवणार होत्या. तिने फोन परत खिशात ठेवला, आणि वरून आईने हाक मारल्यासारखे वाटून ती जिन्यापर्यंत जाऊन आली. कुणी हाक मारली नव्हती.

शुक्रवारी खोल्या बघून व्हायला पाच मिनिटेही लागली नव्हती. बाई किल्ली तिच्या हाती देऊन निघून गेल्या, आणि ताई रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून फरशीवर बसली. सावली आहे म्हणून गाडी खाली एका उंच, सुयांसारख्या पानांच्या झाडाखाली लावली होती. भावाचे बोलणे तिच्या लक्षातही राहिले नव्हते. ती काहीच करत नव्हती. ऊन एका फरशीवरून दुसरीवर सरकत होते. कुणी तिला काही मागितले नाही. घड्याळ पाहिले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, आणि आपण एवढा वेळ नुसत्या बसलो याची तिला भीतीच वाटली.

तिने कामावरून आणलेली स्पिरिटची बाटली उघडली. कापसाचा बोळा भिजवून पहिल्या थेंबावर धरला. अर्ध्या मिनिटाने थेंबाची कड विरघळली, रंग न दुखवता बोळ्याला लागून आली. एक गेला. दुसरा. तिसऱ्याला तिने घाई केली, आणि चीक रंगावर पसरून धुरकट पट्टा उमटला.

"हे काय झालं?"

भाऊ मागे उभा होता. अजून दाढीही केलेली नव्हती. तो वाकला, बॉनेटवरून बोट फिरवले, मग काचेखालच्या फटीतून एक वाळकी हिरवी सुई दोन बोटांत उचलून डोळ्यांसमोर धरली. असले झाड आपल्या रस्त्यावर नाही, तो म्हणाला. डॉक्टरांच्या दारातही नाही, तिथे तर गवताची काडी उगवत नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसते कुतूहल होते, आणि तेच ताईला जड गेले. राग आला असता तर तिने खोटे सांगून टाकले असते.

"खोल्या बघायला गेले होते," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

भावाने सुई खाली टाकली नाही. ताई भराभर बोलू लागली. तिथून काम दहा मिनिटांवर आहे, रोज संध्याकाळी इकडे येता येईल, दिवसा एखादी बाई ठेवता येईल, एकीशी बोलूनही ठेवले आहे. बोलताना तिचा हात बोळा पिळत होता आणि स्पिरिट चपलेवर ठिबकत होते. आपण सेहेचाळीस वर्षांच्या आहोत आणि धाकट्या भावाची परवानगी मागितल्यासारखे बोलतो आहोत, हे तिच्या लक्षात आले, आणि ती मध्येच थांबली.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट?"

"नाही."

"मग आईला कसं..."

"आई इथेच राहील," ताई म्हणाली. "तुझ्याकडे."

गॅलरीतून भावजयीने विचारले, निघायचे आहे ना, उशीर होतो आहे. भावाने वर न बघता हाताने थांब अशी खूण केली. मग बाटली उचलून त्याने बोळा भिजवला आणि पुढच्या थेंबावर जोरात घासू लागला. ताईने त्याचे मनगट धरले.

"घासू नकोस. चरे पडतील. नुसता धरून ठेव."

त्याने बोळा धरून ठेवला. दोघेही त्या बोळ्याकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्याने तो उचलला, तेव्हा खाली रंग स्वच्छ होता. तो पुढच्या थेंबाकडे वळला. ताईने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मग टपावरचे सहा काढले. तिची नजर दोनदा घड्याळाकडे गेली. दोन्ही वेळा त्याने ते पाहिले.

शेवटी काचेवरचा ओघळ राहिला. भावाने त्यावर बोळा टेकवला आणि मान वर न करता विचारले,

"सकाळी आईला उठवतेस, तेव्हा आधी कुठल्या कुशीवर वळवायचं?"

ताईने हातातला बोळा खाली ठेवला. फडके तिने बादलीत बुडवले, पिळले, पुन्हा बुडवले.

"डाव्या," ती म्हणाली. "आणि उजव्या खांद्याला धरायचं नाही. तिथे दुखतं तिला."

भावाने मान हलवली. "डाव्या," तो स्वतःशी म्हणाला, आणि बोळा तसाच धरून ठेवला.