चोराले एकच सजा

नत्थूजीच्या न्यायाला साक्षीदार लागत नसे. बायकोला मारणाऱ्या एकाचा त्यानं भर बाजारात हात मोडला होता, दुधात पाणी घालणाऱ्याचे दात पाडले होते. पोलीस आले की गाव मुकं होई. काहीजण त्याला भीत, पण पुष्कळांना तो आवडायचाही. मोठी बहीण आनंदाबाई नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहायची. त्याचे रक्ताळलेले सदरे तिनं आजवर मुकाट्यानं धुतले होते.

चोपन्न सालच्या माघी चतुर्थीला ती केळझरच्या गणपतीला गेली. दुपारी परतली, तर अंगणात लाकडं फोडायच्या ओंडक्यावर रक्त, आणि रक्तात तीन बोटं. शेजारचा प्रेमदास भिंतीशी पडून गुरासारखा ओरडत होता.

"आपल्या कापसाचं बोचकं याच्या घरी सापडलं," कुऱ्हाड पुसत नत्थूजी म्हणाला. "चोराले एकच सजा."

आनंदाबाई ओरडली, "अरे, म्या देल्लं ते. त्याची पोरगी नलू बाळंत झाली, लेकराखाली घालाले काही नाई त्यायच्या घरी. त्यानं सांगतलं नाई तुले?"

"सांगतलं. चोर सांगतेतच."

त्यानं ओंडक्यावरच्या बोटांकडे पाहिलं. म्हणाला, "म्हंजे वार खोटा पडला."

स्वतःचा उजवा पंजा त्यानं ओंडक्यावर ठेवला, कुऱ्हाड डाव्या हातात घेतली. "नत्थू, नको," ती म्हणेपर्यंत पहिला घाव पडला होता. दुसरा घालावा लागला. त्याचीही तीन बोटं प्रेमदासच्या बोटांशेजारी पडली.

"आता तू. मले न विचारता देल्लं, तेबी चोरीच, बाई. ठेव हात."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर ती रडली असती, पाया पडली असती. ती हात ठेवायला म्हणून वाकली आणि कुऱ्हाड हिसकून पात्यामागची बोथट बाजू त्याच्या डाव्या कोपरावर घातली. हाड कडाडलं. ती मारत राहिली, त्याचा हात लोंबेपर्यंत. मग लुगड्याचा पदर फाडून आधी प्रेमदासचा पंजा बांधला, नंतर भावाचा.

नलूच्या आईनं ते बोचकं दुसऱ्या दिवशी दारात आणून टाकलं. त्या घरातलं कोणी पुन्हा आनंदाबाईशी बोललं नाही.

नत्थूजीचा डावा हात काही सरळ झाला नाही. ती त्याला भरवू लागली. घास तोंडाशी आला की तो म्हणे, "बाई, तुह्यी सजा बाकी हाये."

"हाये," ती म्हणे. "तोंड उघड."